धाकटीचा नवा जोड

हेलिकॉप्टर उडण्याजोगं आहे की नाही, हे बघायचं काम या देशात एका खात्याकडे आहे. त्या खात्यावर हा सरळ आरोप आहे. पोलादपूरच्या शेतात हेलिकॉप्टर पडलं, एक माणूस मेला, आणि तुम्ही अकरा दिवसांत चोर शोधून मोकळे झालात. चोर सोयीचा होता. बिरवाडीत भाड्याने राहणारा, पगारावर जगणारा, आणि कागदावर सही असलेला. सही सापडली की तुमचा तपास संपतो. यंत्राकडे बघायला तुम्हाला सवड कुठे असते?

तो चोर मंगळवारी सकाळी महाडला प्रियदर्शिनी गमरेच्या ऑफिसात येऊन बसला. सयाजी साळेकरने त्याला चहा दिला. त्याने तो घेतला नाही.

सयाजी तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला. आता प्रियदर्शिनीची जीप चालवायचा. तिने मुंबईत पंधरा वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातांच्या चौकशा केल्या होत्या आणि कंटाळून गावी येऊन खासगी तपासाचा धंदा उघडला होता. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. त्यामुळे असं गिऱ्हाईक आलं की सयाजी खुर्ची जरा जवळ ओढून बसायचा.

"बुद्धरत्न तांबे," तो माणूस म्हणाला. "घाटमाथा एअर कंपनीत हेलिकॉप्टरचा मेंटेनन्स इंजिनियर. म्हणजे होतो. लायसन्स निलंबित झालंय." त्याने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. "कारणे दाखवा नोटीस. उत्तराला पंधरा दिवस. त्यातले नऊ उरलेत. उत्तर पटलं नाही तर लायसन्स कायमचं जाणार, आणि पोलीस मला सदोष मनुष्यवधात आत टाकणार. वर चोरीचा गुन्हा वेगळा."

"काय चोरलंत?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"एक जोड."

सयाजीला हसू आलं. बुद्धरत्नने त्याच्याकडे पाहिलं आणि ते तिथेच विरलं.

"हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा असतो," बुद्धरत्न सांगू लागला. "इंजिनापासून त्या पंख्यापर्यंत एक लांब दांडा जातो. त्या दांड्यात हा जोड. जोड तुटला की मागचा पंखा थांबतो, आणि अख्खं यंत्र भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. म्हणून जोडाचे तास ठरलेले असतात. तास संपले की तो दिसायला कितीही चांगला असो, काढायचाच. दहा ऑक्टोबरला मी धाकटीचा जुना जोड काढला आणि नवा बसवला. सही केली."

"धाकटी कोण?"

"आमच्या शेडमध्ये दोन हेलिकॉप्टरं आहेत. एकाच कारखान्याची, एकाच रंगाची. शेपटीवरच्या नावात शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. आम्ही थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरलीच्या जोडाचे तास मार्चमध्येच संपले. नवा भाग येईना, म्हणून खात्याने तिला उड्डाणबंद केली. ती कापडाखाली उभी आहे. ऑक्टोबरात एकच नवा जोड आला, तो धाकटीला लावला. उडायची ती धाकटी. पडली तीही धाकटी."

"आणि पडलेल्या यंत्रात?"

"जुना जोड निघाला." त्याचा आवाज खाली आला. "तास संपलेला, चिरलेला. नंबर कोरलेली कडच तुटून गेलीय, सापडली नाही. खातं म्हणतं, मी नवा जोड विकला आणि जुनाच ठेवून खोटी सही केली. पण मॅडम, धाकटीचा जुना जोड मी माझ्या हाताने करवतीने कापला. तसा नियमच आहे, कुणी परत वापरू नये म्हणून. तुकडे भंगारात गेले."

"म्हणजे जो जोड तुम्ही कापलात, तोच यंत्रात सापडला असं खातं म्हणतंय."

"हो. आणि जो मी बसवला, तो हवेत विरला."

प्रियदर्शिनी नोटिशीची पानं उलटत होती. एका पानावर तुटलेल्या जोडाचा फोटो होता, झेरॉक्समध्ये डाग पडलेला. तिने एका बोल्टवर बोट ठेवलं. "ही काळी रेघ कसली?"

"बोल्ट आवळला की बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढतो. बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येक इंजिनियरची आपली पद्धत. मी दर वर्षी रंग बदलतो. यंदा पिवळा, गेल्या वर्षी लाल."

"जोड तुम्ही प्रत्यक्ष पाहिलात?"

"कुठला! तीस ऑक्टोबरला कंपनीने मला तीन आठवड्यांच्या कोर्सला बंगळूरला पाठवलं. चौदा नोव्हेंबरला हे झालं. पंधराला परत आलो तर गेटवर अडवलं. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही म्हणाले. माझ्याकडे आहे ती ही झेरॉक्स."

प्रियदर्शिनीने तो फोटो आणखी थोडा वेळ पाहिला. मग टेबलावरचा शाळकरी पोरांचा पिवळा खडू उचलून कागदावर रेघ ओढली आणि कागद झेरॉक्सच्या मशीनमध्ये घातला. निघालेली प्रत तिने खिडकीशी धरली आणि घडी घालून पर्समध्ये टाकली.

सयाजीला वाटलं, मशीन बिघडलं की काय ते बघत असेल.

*

जीप पोलादपूरच्या वाटेला लागायच्या आधी नेहमीची कुरबूर झाली.

"सयाजीकाका, बॉनेट कधी पुसणार? धूळ बघा किती."

"पुसतो की ताई, रोज पुसतो."

"मग दसऱ्याचे हे डाग?"

"ते कुंकू हाय. त्याच्या कडेकडेनं पुसतो. कुंकवाला फडका नाय लावायचा. आपोआप जाईल तवा जाईल. पावसानं धुतलं तर देवाची मर्जी, आपण हातानं पुसायचं नसतं."

"तीस वर्षं एसटीत असंच?"

"अख्खा डेपो असाच. तुमच्यात नसतं, म्हणून तुमाला नवल."

"आमच्यात नसतं," प्रियदर्शिनी हसली. "चला."

हेलिकॉप्टर पडलं ती जागा शाळेच्या मैदानाला लागून होती. तुळशीचं लग्न लागलं की इकडे लग्नांची घाई सुरू होते, आणि हल्ली नवरदेवाला आभाळातून आणायचं खूळ आलंय. चौदा तारखेला नवरदेवाला उतरवून रिकामं हेलिकॉप्टर वर उठलं, दोन गिरक्या खाल्ल्या आणि कापणी झालेल्या भातशेतात आदळलं. पंख्याचा तुकडा उडाला. शेतात भागोजी भाताचे भारे बांधत होता. त्याला तो लागला.

भागोजीची बायको बयाबाई अंगणात सुपाने भात पाखडत होती. कपाळ मोकळं. पाहुणे पाहून तिने सूप बाजूला ठेवलं नाही.

"सरकारी मानसं आली, फोटो काढून गेली," ती म्हणाली. "मला कुणी काय इचारलं नाय. तुम्ही तरी कशाला आलात गो बाय?"

"विचारायला," प्रियदर्शिनी खाली बसत म्हणाली. "तुम्ही सगळ्यांत आधी तिथं पोचलात ना?"

"मी बांधावरच होते. धावले. हे हितं पडलेले, आणि ते यंत्र तिथं. आत तो पोरगा वरडत होता. मी ह्यांच्याकडं जाऊ का त्याच्याकडं जाऊ?" तिने सूप झटकलं. "हे गेलेले, कळलंच मला. मग त्या पोराला ओढला."

सयाजीने मान खाली घातली.

"यंत्राचं काय आठवतं?"

"शेपटी तेवढी अख्खी होती. माझ्या डोक्यावर आली होती. तिला कुंकू लावलेलं."

"रगत असंल, वयनी," सयाजी हळूच म्हणाला.

"रगत आणि कुंकू मला कळत नाय व्हय रे भाऊ?" बयाबाई ताडकन म्हणाली. "पाच टिकल्या होत्या, वळीनं. उंबऱ्याला लावतात तशा. हळद पन होती. जुनं, सुकलेलं. मला तवा वाटलं, देवाचं यंत्र हाय, आणि असं का वागलं?"

प्रियदर्शिनीने तिला पुन्हा विचारलं, "पाच? नक्की?"

"मोजायला शाळा लागते काय गो?"

*

पायलट ओंकार महाडच्या एका खासगी दवाखान्यात दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घेऊन पडला होता. तिशीचा, ठाण्याचा. त्याने बयाबाई कशी आहे ते आधी विचारलं.

"मी नवा होतो," तो म्हणाला. "चार नोव्हेंबरला जॉइन झालो. आधीचा पायलट सोडून गेला होता. मला हेच हेलिकॉप्टर दाखवलं, हेच उडवलं. दुसरं कापडाखाली होतं."

"काही खटकलं?"

"पायातलं पेडल जड वाटायचं. मागच्या पंख्याचं. श्रीपतसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, थंडीत तेल घट्ट होतं. बिरवाडीत थंडी! मी तेव्हाच खाली उतरायला हवं होतं." तो छताकडे बघत राहिला. "आणि एक गंमत. शेपटीवरच्या नावातलं शेवटचं अक्षर कोरं करकरीत होतं. बाकीची उन्हाने विटलेली. विचारलं तर म्हणाले, सोललं होतं म्हणून नवं चिकटवलं."

"कुंकू होतं शेपटीवर?"

"होतं की. त्यात काय, माझ्या स्कूटरलाही आहे."

बाहेर आल्यावर सयाजी म्हणाला, "ताई, पोरगा खरा बोलतोय. आपला तांबेच कायतरी लपवतोय बघा. जुना जोड यंत्रात, मग नवा गेला कुठं? वस्तू काय पाय फुटून चालत जाते?"

"नाही जात," प्रियदर्शिनी म्हणाली. "तीच तर अडचण आहे, काका. मला वाटतं, तो जागचा हललाच नाही."

सयाजीने गिअर टाकला. असलं काही ती बोलली की विचारण्यात अर्थ नसतो, हे त्याला पाठ होतं.

*

घाटमाथा एअरची शेड बिरवाडीच्या पुढे, कारखान्यांच्या कडेला. तिथला मॅनेजर श्रीपत पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने चहा मागवला, क्रीमची बिस्किटं मागवली, आणि तांबेबद्दल हळहळ व्यक्त केली.

"हुशार पोरगा हो. पण माणसाच्या मनाचं काय सांगावं? नवा जोड बाहेर विकायचा मोह झाला असेल."

"त्याला कोर्सला कुणी पाठवलं?"

"मीच. पोरं शिकली पाहिजेत."

"ऐन लग्नसराईत? एकुलता एक इंजिनियर?"

श्रीपतने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "रोजची तपासणी पायलट करतो. नियमात बसतं."

ऑफिसच्या खिडकीतून शेड दिसत होती. मध्ये करड्या कापडाने झाकलेलं हेलिकॉप्टर, कापडाला दोरी, दोरीला गाठ, आणि गाठीवर लाखेचं सील लावलेला कागद.

"ती थोरली?"

"हो. सहा नोव्हेंबरला खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले होते. तुमच्याच खुर्चीत बसले. दोन तास एकेक कागद बघितला. सगळं चोख निघालं. थोरली उड्डाणबंद म्हणून स्वतः सील केली त्यांनी."

"थोरली बघितली त्यांनी?"

"बघितली म्हणजे काय? समोर तर उभी आहे." श्रीपतने खिडकीकडे हात केला. "अहवालात लिहिलंय तसं."

"कापड काढून दाखवता?"

"खात्याचं सील आहे, मॅडम. मी तोडलं तर मला आत टाकतील."

सयाजीला ते पटलं. सरकारी सील म्हणजे सरकारी सील.

शेडमधला मेकॅनिक मोरू, मूळ वरंधचा, जवळच एका खोलीत राहायचा. साठीला टेकलेला. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"तांबे कसा माणूस?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"कडक." मोरू खाली बघत होता. "हत्यार जागेवर नसलं तर जेवायला सोडायचा नाय. पन मानूस सरळ."

"भांडण?"

"भांडण नाय. खंडेनवमीला जरा बोलाचाली झाली. आम्ही सगळी हत्यारं मांडतो, यंत्रांना हळदकुंकू लावतो. हा म्हणाला, उडत्या यंत्राला काय बी लावायचं नाय, जोडांत भुकटी जाते, पत्रा खाते. धाकटीला हात लावू दिला नाय. थोरलीला लाव काय लावायचं ते, म्हणाला, ती कुठं उडतेय."

"मग लावलंत थोरलीला?"

"लावलं," मोरू म्हणाला. "पाच बोटं. दरसाल लावतो."

सयाजीने मान वर केली. प्रियदर्शिनीने मोरूला आणखी काही विचारलं नाही. त्याचा हात मात्र तिने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "शुक्रवारी शेडवर या, मोरूभाऊ. खरं बोलायला माणूस लागतो, तो तुम्ही आहात."

परतताना तिने फोन लावला, आणि खात्याच्या त्याच साहेबांना एवढंच सांगितलं, "चोरीला गेलेला नवा जोड सापडलाय. जप्त करायला या."

*

शुक्रवारी सकाळी अकराला शेडमध्ये सात माणसं जमली. साहेब, एक पोलीस उपनिरीक्षक, श्रीपत, मोरू, सयाजी, प्रियदर्शिनी, आणि साहेबांच्या परवानगीने बुद्धरत्न. आठवी बयाबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सयाजी सकाळी पोलादपूरला जाऊन तिला घेऊन आला होता, आणि त्याबद्दल ताईला काही बोलला नव्हता. प्रियदर्शिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. बयाबाई खुर्चीवर बसली नाही, खाली बसली.

"कुठे आहे जोड?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"दाखवते. आधी झेरॉक्स बघा. तुमच्याच नोटिशीतली." प्रियदर्शिनीने पान पुढे धरलं. "तुटलेल्या जोडाच्या बोल्टवर रेघ आहे. काळी कुळकुळीत, जागोजाग फुटलेली. तांबेंनी दहा ऑक्टोबरला ओढलेली रेघ पिवळी असती. पिवळा रंग या मशीनमध्ये काळा येत नाही, जवळजवळ दिसेनासा होतो. ही माझ्या खडूची रेघ बघा, शोधावी लागते. लाल मात्र काळा येतो. म्हणजे तुटलेल्या जोडावरची रेघ गेल्या वर्षीची आहे. मूळ रंगीत फोटो तुमच्या फायलीत आहे, साहेब. तुम्हाला झेरॉक्ससुद्धा लागत नव्हती."

"म्हणजे यांनी नवा बसवलाच नाही. आम्ही तेच म्हणतोय."

"मग यांनी कापलेला जोड परत सांधून कुणी बसवला? या शेडमध्ये गेल्या वर्षीची लाल रेघ असलेला, तास संपलेला, न कापलेला जोड एकच होता. तो थोरलीत होता."

श्रीपतने रुमाल काढला.

"मला आधी वाटलं, थोरलीचा जोड काढून धाकटीत घातला असेल. पण चांगला काढून वाईट कोण घालेल? मग बयाबाईंनी सांगितलं, पडलेल्या यंत्राच्या शेपटीवर कुंकवाच्या पाच टिकल्या होत्या. पायलटनेही पाहिल्या. या शेडमध्ये कुंकू फक्त थोरलीला लावलं होतं. धाकटीला तांबेंनी बोट लावू दिलं नव्हतं. शिवाय पायलटला शेपटीवरचं शेवटचं अक्षर तेवढं नवं दिसलं. दोन यंत्रांत फरक होता तो त्या एका अक्षराचा." तिने सगळ्यांकडे पाहिलं. "जोड कुणी बदललाच नाही. यंत्रं बदलली. पोलादपूरला पडली ती थोरली. धाकटीचं अक्षर, धाकटीची नंबराची धातूची पाटी आणि धाकटीचे कागद लावून."

"काहीतरीच," श्रीपत म्हणाला. "चांगली धाकटी ठेवून बंद पडलेली कोण उडवेल?"

"धाकटी चांगली राहिली नसेल तर? तुळशीच्या लग्नानंतर तुम्ही किती लग्नांच्या सुपाऱ्या घेतल्या होत्या, श्रीपतराव? ऑक्टोबर संपताना धाकटीत काय बिघडलं ते तुम्ही सांगा, नाहीतर कापड काढल्यावर तांबे सांगतील. इंजिनियरला तीन आठवडे बाहेर पाठवलंत, कारण तो एका नजरेत ओळखणार होता. जुना पायलट गेला, नवा या दोघींना ओळखत नव्हता. सगळं नीट जुळवलंत. राहिलं ते कुंकू."

"ते का राहिलं पण?" उपनिरीक्षकाने विचारलं. "एवढं सगळं बदलणारा माणूस कुंकू पुसणार नाही?"

"मलाही कळत नव्हतं. मी त्या रीतीत वाढले नाही. सयाजीकाकांच्या बॉनेटने शिकवलं. अक्षर बदलायला सांगितलं तर इथला माणूस बदलेल. पाटी उचकटायला सांगितली तर उचकटेल. पण लावलेलं कुंकू हाताने पुसणार नाही. आणि श्रीपतरावांना त्यात वावगं दिसलं नाही, कारण कुंकू नसलेली गाडी इथे दिसते कुठे?"

मोरू भिंतीपासून सुटा झाला.

"मी केलं," तो म्हणाला. "दोन तारखेला. अक्षर मी लावलं, पाटी मी काढली. धाकटीच्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कीस निघाला होता. श्रीपतसाहेब म्हणाले, मालकाचा फोन हाय, पंधरा दिवसांचा प्रश्न हाय, नायतर तू घरी जा. शेवटी बोळा घेऊन शेपटीपाशी उभा राहिलो. नाय फिरवला हात. घरात बायको हाय माझ्या. कसा पुसू?"

तो बयाबाईकडे बघत नव्हता. बयाबाई त्याच्याकडे बघत होती.

"कापड काढा," उपनिरीक्षक म्हणाला.

सील साहेबांनाच तोडावं लागलं. त्यांची बोटं लाखेवर दोनदा घसरली. बुद्धरत्नने कापड ओढलं, शेपटीवरचं झाकण उघडलं आणि बाजूला झाला. आत जोड लखलखत होता. प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ, अखंड, हळदीच्या बोटासारखी. साहेबांनी वाकून नंबर वाचला. उपनिरीक्षकाने स्टोअरच्या पावतीवरचा नंबर वाचला. दोन्ही एकच होते.

सयाजीने मोठ्याने श्वास सोडला. "जागचा हललाच नाय," तो पुटपुटला.

श्रीपत खुर्चीत बसला, आणि पोलिसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तरी उठला नाही.

साहेबांनी बुद्धरत्नला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं. सगळ्यांना ऐकू येत होतं. "नोटीस मागे घेतो. लायसन्स आठवड्यात परत मिळेल. तुम्ही फक्त एक साधं पत्र द्या, तक्रार नाही म्हणून. सहा तारखेच्या तपासणीचा विषय कशाला वाढवायचा? प्रक्रियेत कधी कधी..."

"माझं लायसन्स माझ्या हाताच्या कामावर मिळालंय," बुद्धरत्न म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "ते परत द्या, किंवा देऊ नका. पत्र मिळणार नाही. मी इतके दिवस उत्तरं लिहून लिहून थकलोय, साहेब. आता दुसऱ्या कुणीतरी उत्तर द्यायचंय. मला नका देऊ. त्यांना द्या, बयाबाईंना."

बयाबाई उठली होती. ती कापडापाशी गेली आणि त्याची कड हातात घेऊन बघितली. जाड होतं, पण एका हाताने उचलण्याजोगं होतं.

"तुम्ही सहा तारखेला हितं होता?" तिने विचारलं.

"हो, बाई, पण..."

"दोन तास?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

"सहाला ही हितं धाकटीची थोरली होऊन उभी होती. तुम्ही बाजूला बसून च्या पीत होता. तवा माझा मानूस शेतात भात कापत होता. सहाला होता, सातला होता, तेराला रातच्याला जेवला होता. हे कापड उचलायला मला एक हात लागतोय, साहेब. तुम्ही सही केलीत, बघितली म्हणून. काय बघितलंत?"

साहेबांनी उपनिरीक्षकाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात सयाजी उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"मला घाई नाय," बयाबाई म्हणाली. "काय बघितलंत ते सांगा."